पाचवा ‘का’

चार नंबरच्या प्रेसला हार घालायचा की नाही, हे सकाळचे दहा वाजून गेले तरी कुणी ठरवलं नव्हतं.

धातू दाबून सुटे भाग काढणाऱ्या बाकीच्या अकरा प्रेस आदल्या दिवशीच पुसून लख्ख झाल्या होत्या. खंडेनवमीला वाळूजमधल्या सगळ्याच लहान कारखान्यांत असतं तसं इथंही होतं. मशीन बंद, जमिनीवर रांगोळी, नट पिळायचे पाने आणि हातोड्या पाटावर मांडलेल्या, त्यांना हळदकुंकू. एरवी या पत्र्याखाली बोलायचं म्हणजे ओरडावंच लागे. आज माणसं सवयीनं ओरडत आणि मग आपल्याच आवाजाला दचकत होती.

चार नंबरवर निळी ताडपत्री होती. अकरा दिवसांपूर्वी त्या प्रेसखाली ऑपरेटर कडुबाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ताडपत्री त्याच दिवशी कुणीतरी टाकली आणि नंतर कुणी काढली नाही.

संस्कृती झेंडूच्या हारांची टोपली घेऊन उभी होती. पुण्यात व्यवस्थापन शिकून ती जानेवारीत परत आली आणि चुलत्याच्या हाताखाली कामाला लागली. कारखान्यातली तिची ही पहिलीच खंडेनवमी.

“कृष्णाकाका, चारला घालू?”

कृष्णानं ताडपत्रीकडं पाहिलं नाही. “पोरं काय म्हणतात?”

“पोरं तुमच्याकडं बघतायत.”

“बघू. त्यांचं त्यांना सुचेल.”

हे वाक्य संस्कृतीला पाठ होतं. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात तिनं ते वहीत लिहून घेतलं होतं, खाली रेघ ओढून. आज मात्र ते ऐकून तिला नुसताच थकवा आला, आणि असा थकवा आल्याबद्दल थोडं अपराधीही वाटलं.

सात वर्षांपूर्वी कृष्णा एक प्रेस बघायला तैवानला गेला होता. तिथल्या कारखान्याचा म्हातारा मालक दिवसभर दारातल्या बाकावर बसून असायचा. कुणाला काही सांगायचा नाही. आत काम आपापलं चालायचं. हे काय करतात, असं कृष्णानं दुभाष्याला विचारलं. तो म्हणाला, ते ताओ मानतात, जे होणारच आहे त्याला धक्का मारत नाहीत. तिसऱ्या दिवसापासून कृष्णाही त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागला. प्रेस त्यानं घेतलीच, पण परत आला तो वेगळा माणूस होऊन, असं थोरला भाऊ गोकुळ म्हणायचा. कौतुकानं नव्हे.

आल्यावर त्यानं पहिल्यांदा सुपरवायझरची काचेची केबिन पाडली. तिथं आता काय करायचं, असं सगळ्यांनी विचारलं. काही नाही, म्हणाला. जागा दोन महिने रिकामी राहिली. मग ऑपरेटरांनीच तिथं एक टेबल आणलं, मग बाकडी, मग दर शनिवारी पाळी बदलताना तिथं बसून बोलायचं ठरलं. पुढं टार्गेट लिहायचा फळा उतरला. मग ज्याचं मशीन त्यानं न विचारता बंद करायचं, हा हक्क आला. मालकानं जोर लावला की माणूसही जोर लावतो, पण उलट्या अंगाला, एवढंच कृष्णाचं म्हणणं. खराब माल निम्म्यावर आला. दिवाळीनंतर सोडून जाणारी माणसं जायची थांबली. संस्कृतीनं तिचा शेवटच्या वर्षाचा प्रबंध यावरच लिहिला होता, पन्नास पानांचा. सर आधी हसले होते, मग त्यांनी तो वर्गात वाचायला लावला.

“घाल गं पोरी,” प्लास्टिकच्या खुर्चीतून काकासाहेब म्हणाले.

एक्याऐंशी वर्षांचे काकासाहेब, घरातल्यांचे आबा. गंगापूरकडची उसाची शेती भावांवर टाकून त्यांनीच चाळीस वर्षांपूर्वी दोन जुन्या प्रेसवर हा कारखाना काढला. नाव दिलं बायकोचं : चतुरा प्रेसिंग्ज. चतुराबाई जाऊन आता नऊ वर्षं झाली होती.

“घाल,” ते पुन्हा म्हणाले. “मशीनचा काय दोष? तिला काय डोळे हायेत?”

कुणीतरी हसलं. दोघा ऑपरेटरांनी ताडपत्री ओढली. कृष्णा पाठ फिरवून नळाकडं हात धुवायला गेला. त्याचे हात स्वच्छच होते. संस्कृतीच्या ते लक्षात आलं, पण तेव्हा तिनं त्याचा काही अर्थ लावला नाही.

•

दुपारी कामगारांची पंगत उठली आणि घरची माणसं माळ्यावरच्या ऑफिसात आली. काकासाहेबांना जिना चढवताना गोकुळलाच धाप लागली. एकोणसाठ वर्षांचा गोकुळ कारखान्याचं बाहेरचं सगळं बघायचा : कच्चा माल, मोठ्या कंपनीचे साहेब, सरकारी खाती. आतलं धाकट्या भावाकडं. सात वर्षं ही वाटणी कुरकुरत चालली होती.

“दादा, शिरा दोनदा घेतलात,” मोनिका म्हणाली. ती कृष्णाची बायको. घरात गोकुळच्या साखरेवर तिचीच नजर असे.

“खंडेनवमीचा हाय. ह्याची साखर लागत नाय.”

“डॉक्टरांना तसं सांगा.”

गोकुळनं टेबलावर कागद पसरला. ज्या कंपनीला त्यांचे ब्रॅकेट जायचे, तिच्या सुरक्षा विभागाचा तो छापील फॉर्म होता. पाच चौकटी. पहिल्या चौकटीत विचारायचं, असं का झालं? उत्तर लिहायचं. मग त्या उत्तराला विचारायचं, ते का झालं? असं पाच वेळा. सोमवारी द्यायचा होता. त्याच दिवशी कारखाना निरीक्षकही येणार होते.

“घे लिहून,” गोकुळ लेकीला म्हणाला. “तुझं अक्षर बरंय.”

संस्कृतीनं पेन काढलं. “एक. बोटं का गेली? हात डायमध्ये, म्हणजे साच्यात होता म्हणून. दोन. हात आत असताना प्रेस का पडली? एकाच बटणावर चालत होती म्हणून.”

प्रत्येक प्रेसला दोन बटणं होती, दोन हातांना दोन. दोन्ही दाबली तरच प्रेस खाली यायची. म्हणजे हात बाहेरच राहायचे.

“तीन. एकाच बटणावर का? दुसऱ्या बटणात लाकडी पाचर मारलेली होती. चार. पाचर का मारली?”

“ऑपरेटरनं स्वतःच्या मर्जीनं, कुणाला न विचारता मारली,” गोकुळनं सांगितलं. “काम लवकर उरकावं म्हणून. असंच लिही. आन इथं थांब.”

“पाच चौकटी आहेत बाबा.”

“पाचवीत पण तेच लिही, शब्द फिरवून. समदे तसंच करतात. त्या साहेबाला वाचायला वेळ हाय का? त्याला चौकटी भरलेल्या पाहिजेत.”

“पाचवा ‘का’ सरळ आहे. पाचर कुणी काढली कशी नाही?” संस्कृतीनं मान वर केली. “किती दिवस होती ती?”

“दीड महिना,” खिडकीजवळून कृष्णा म्हणाला.

“दीड महिना! मग शनिवारच्या बैठकीत विषय निघायला हवा होता. आपली पद्धतच ती आहे. बाबा, हेच मी लिहिते. पद्धतीत दोष नाही, ती नीट वापरली गेली नाही—”

“तुमची पद्धत!” गोकुळ कंटाळून म्हणाला. “चिनी माल. दिसायला चकाचक आन गॅरंटी विचारली का दुकानदार गायब. एक मॅनेजर ठेवा म्हणून तीन वर्षं घसा कोरडा केला मी. हा म्हणतो, मॅनेजर आला का माणसं डोकं घरी ठेवून येतात.”

“ते खोटं नाहीये बाबा. तुम्ही आकडे बघा ना.”

“बोटाचे आकडे बघ. दहातून दोन गेली.”

पंखा फिरत होता. संस्कृतीनं पेनचं टोपण काढलं, लावलं. मग हळूच, जणू हिशेब जुळत नाही म्हणून विचारावं तसं तिनं विचारलं, “पण काका, तुम्ही रोज संध्याकाळी एक चक्कर मारता. चार नंबरवरूनच जाता. तुम्हाला कधी दिसली नाही?”

“दिसली,” कृष्णा म्हणाला.

गोकुळ उठला आणि त्यानं दार लावलं. का ते त्यालाही सांगता आलं नसतं. खाली तर कुणीच नव्हतं.

“हे तू बोलला नाहीस,” तो म्हणाला.

“बोललो दादा. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दिसली. कडुबानंही मला बघितलं. मी एक मिनिट उभा राहिलो आन गेलो.”

“का?” हे संस्कृतीनं विचारलं.

कृष्णा खिडकीपासून टेबलाकडं वळला. “मी काढ म्हणालो असतो तर त्यानं तेव्हा काढली असती. माझी पाठ फिरली की परत लावली असती. मला वाटलं, त्यांच्यातच कुणीतरी शनिवारी विषय काढंल. तसं झालं तर ती कायमची निघंल. म्हणून थांबलो.”

“किती शनिवार?”

“सहा. सातव्याच्या आधी झालं.”

“मी पन्नास पानं लिहिली तुमच्यावर,” संस्कृती म्हणाली. तिचा आवाज वाढला नाही. गोकुळला वाटलं, वाढला असता तर बरं झालं असतं. “तुम्ही थांबला नव्हता काका. तुम्ही टाळलंत. कडुबामामांना टोकायचा तुम्हाला संकोच वाटला आणि त्याला तुम्ही तत्त्वज्ञान म्हणालात.”

“असंल. अकरा दिवस मी तेच बघतोय. थांबलो का टाळलं. आतून दोन्ही सारखंच लागतं गं.”

संस्कृतीनं फॉर्म पुढं ओढला. “मग मी पाचव्या चौकटीत हेच लिहिणार.”

“काही लिहायचं नाय!” गोकुळचा हात कागदावर आपटला. “अक्कल हाय का? परवाना ह्याच्या नावावर हाय. दीड महिना मालकाला ठावं होतं, असं कागदावर आलं तर ह्याच्यावर केस होईल. तुझा चुलता हाय तो!”

सकाळपर्यंत लेक चुलत्याच्या बाजूनं आणि आपण विरुद्ध होतो, हे गोकुळला आठवलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं. सात वर्षं ज्याच्या विचारांशी भांडून डोकं उठलं, त्याच भावाच्या पुढं आज तो दोन्ही हात पसरून उभा होता. लहानपणीही असंच व्हायचं. कृष्णा काही बोलायचा नाही आणि त्याच्या वाटचं बोलून मार खायचा तो गोकुळ.

“आबा, तुम्ही तरी सांगा ह्यांना.”

काकासाहेब डोळे मिटून बसले होते. ते झोपलेत असं सगळ्यांना वाटत होतं.

“क्रिश्ना,” ते म्हणाले, “तुझ्या त्या चिन्याला मी कधी नावं ठेवली नाय. पाणी उताराकडं जातं, त्याला ढकलू नये. हे मला कोण शिकवणार? मी पंचवीस वर्षं उसाला पाणी दिलंय. पर वाफा भरला का दारं मोडावं लागतं. खोऱ्यानं माती वढून पाणी फुडच्या वाफ्यात घालावं लागतं. दारं धराया माणूस लागतो. तो बांधावर निजला का ऊस लोळतो.”

“आबा, मी निजलो नव्हतो. जागाच होतो.”

“मंग तर लईच वाईट,” काकासाहेब म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटले.

गोकुळनं खणातून दुसरा कागद काढला. टाइप केलेला, एका पानाचा. “हा कडुबाचा जबाब. परवा मी जाऊन आलो त्याच्याकडं. तो सवताच म्हणला, चूक माझी. पाचर मी मारली, मालकाला ठावं नव्हतं. सही केली का विषय मिटला. त्याची नोकरी ठेवू, हलकं काम देऊ, त्याच्या पोरीला पण घेऊ स्टोअरला. कुणाचं वाईट होत नाय ह्यात. एकशेचाळीस घरं चालतात इथं, संस्कृती. तुझ्या पाचव्या चौकटीवर चालत नाहीत.”

संस्कृतीनं पेन ठेवून दिलं, आणि ते कुणाच्या बाजूनं ठेवलं हे गोकुळला कळलं नाही.

“सही आणायला कोण जाणार?” मोनिकानं विचारलं.

“मीच जातो आता.”

“दे इकडं,” कृष्णा म्हणाला. “मी आणतो.”

•

वाळूजहून बजाजनगर दहा मिनिटांवर आहे. गाडी मोनिका चालवत होती. कृष्णाच्या मांडीवर पुरी-भाजीचा डबा आणि डब्यावर तो कागद. रस्त्यावर टेम्पोंना, रिक्षांना, पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरलाही हार घातलेले होते.

“सही घेणार आहात?” तिनं विचारलं.

“बघू.”

मोनिकानं वेग कमी केला. पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं हा शब्द किती वेळा ऐकला असेल! आधी तिला तो समजूतदार वाटायचा. इतर नवरे आरडाओरडा करायचे, तिचा करायचा नाही. जावा हेवा करायच्या.

“राजनंदिनीचं लग्न मोडत होतं तेव्हा पण तुम्ही बघू म्हणालात,” ती म्हणाली. “तिचं तिला कळेल, म्हणालात.”

“कळलं की तिला. चांगली राहतेय आता.”

“व्हय. पण लेक तुम्हाला फोन करत नाही. मला करते. का ते कधी विचारलंत? तिला सल्ला नको होता. बापानं एकदा तरी विचारावं, एवढंच वाटत होतं. ती म्हणते, बाबांना काही वाटतच नाही.”

“मला वाटत होतं.”

“ते तिला कसं कळायचं?”

कृष्णानं डब्याचं झाकण दाबून पाहिलं. ते घट्टच बसलेलं होतं. मोनिकाला एकदम त्याची दया आली. आपण जास्त बोललो असंही वाटलं. पण शब्द परत घ्यावेत असं काही वाटलं नाही. तिनं गाडी कडुबाच्या गल्लीत वळवली.

•

कडुबाच्या दोन खोल्या पहिल्या मजल्यावर होत्या. त्याची बायको सरिता दारातच भेटली. तिनं डबा घेतला, मोनिकाला आत स्वयंपाकघरात नेलं. कडुबा पलंगावर बसला होता, उजवा हात उशीवर ठेवून. पट्टी पांढरी स्वच्छ होती. कृष्णा समोरच्या खुर्चीत बसला.

“दुखतं का?”

“जी हायेत ती नाय दुखत. गेलेली दुखत्यात.” कडुबा हसला. “डाक्टर म्हणला असंच असतं. नसलेल्या बोटाला खाज सुटती मालक. खाजवायचं कुठं?”

कृष्णालाही हसू आलं आणि लगेच लाज वाटली. कडुबा चौदा वर्षं त्यांच्याकडं होता. कारखान्यात सगळ्यात साफ माल त्याचा. नवीन माणूस आला की कृष्णा त्याला काही शिकवायचा नाही, फक्त कडुबाशेजारी उभा करायचा.

“मशीनची पूजा झाली?”

“झाली.”

“चारची?”

“तिचीपण.”

“बरं केलं.” कडुबानं डाव्या हातानं उशीखालून वही काढली. “आणलाय का कागद? गोकुळदादा बोलले व्हते. हे बघा, चार दिस झालं शिकतोय.”

वहीच्या पानभर त्याचं नाव होतं. पहिल्या ओळींत अक्षरं कोलमडलेली, खाली खाली येत थोडी सावरलेली. डाव्या हातानं लिहिलेलं. कृष्णा ते पान बघत राहिला. त्याच्या हातातला कागद घामानं मऊ झाला होता.

“कशाला एवढं, कडुबा? अंगठाही चालला असता.”

“अंगठा कशाला? सातवी पास हाय मी.”

“हे वाचलंस का? काय लिहिलंय ते?”

“काय वाचायचं? पाचर मीच मारली. खोटं काय हाय त्यात?”

“खाली लिहिलंय, मालकाला ठावं नव्हतं.”

कडुबानं वहीचं पान डाव्या हातानं सरळ केलं. आत सरिता आणि मोनिका हळू आवाजात बोलत होत्या. चहाचं पातेलं गॅसवर चढल्याचा आवाज आला.

“मी बघितली होती,” कृष्णा म्हणाला.

“ठावं हाय की मला. तुम्ही बघितलं ते मीबी बघितलं.”

“मग तुला काय वाटलं तेव्हा?”

“पहिल्यांदा तर भ्यालो. म्हणलं, आता बोलत्यात. तुम्ही हूं का चूं केलं नाय. गेलात निघून. म्हंजी चालतंय, आसं समजलो. मालकानं सवताच्या डोळ्यानं बघितलं आन हटकलं नाय, आता ह्याहून मोठी परवानगी कोणती? दुसऱ्या दिशी सहा नंबरवाल्यानंबी मारली पाचर. मंग नऊवाल्यानं. मीच सांगितलं त्यास्नी, मालकाला ठावं हाय म्हणून.”

कृष्णाला ते माहीत नव्हतं; त्या दिवसापासून चक्कर मारताना तो बटणांकडं बघायचंच टाळत होता. त्यानं खुर्चीची कड धरली. सहा शनिवार तो माळ्यावरून त्या बाकड्यांकडं बघत, विषय निघायची वाट पाहत बसला होता. खाली बसलेल्या माणसांच्या लेखी त्या विषयाचा निकाल त्यानंच कधीचा देऊन टाकलेला होता.

“आत्ता हायेत का त्या?”

“नाय. माझं झालं तसं त्याच पाळीला समद्यांनी काढल्या. कुणी सांगावं लागलं नाय.”

“पण घाई कसली होती कडुबा? फळा तर मी काढून टाकला होता. टार्गेट नव्हतं.”

“म्हणूनच तर.” हे इतकं साधं मालकाला कळू नये याचं कडुबाला नवल वाटलेलं दिसलं. “टार्गेट व्हतं तवा आठशे म्हणलं का आठशे. वर एक नग नाय. तुम्ही फळा काढला. आम्ही म्हणलं, मालकानं इस्वास टाकला, आता आपन दाखवू. सहावाल्यानं नऊशे काढले, मंग मी हजार. लई बरं वाटायचं. दोन बटणांनी हजार व्हत नाय, मालक.”

हे ऐकून कृष्णाला काय वाटलं ते नीट सांगणं कठीण आहे. कदाचित अभिमानही वाटला असेल, आणि त्याच श्वासात त्या अभिमानाची किळस. तैवानच्या त्या बाकावरचा म्हातारा त्याला आठवला. तो दिवसभर नुसता बसतो, एवढंच त्यानं आठ दिवस पाहिलं होतं. कारखान्यात कुणी पाचर मारली असती तर तो बाकावरून उठला असता का, हे विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं. आता विचारायला तो म्हाताराही नव्हता.

“द्या पेन,” कडुबा म्हणाला. “दिवेलागणीच्या आत उरकू. तुमाला दसऱ्याची तयारी आसंल.”

“ह्याच्यावर सही करायची नाय.”

“आन दादा?”

“दादाला मी सांगतो. सोमवारी निरीक्षक येतील. ते तुला विचारतील. सांगायचं, पाचर मी मारली आन मालकानं बघितली. राखीच्या दुसऱ्या दिवशी. तारीख सांगायची.”

“आन तुमचं काय?”

“जे होईल ते. परवाना माझ्या नावावर हाय.”

“कारखाना कोण बघंल?”

“संस्कृती हाय. दादा हाय. मॅनेजर आणायचा तर आणतील.”

कडुबानं मान हलवली. “नाय मालक. मला नाय जमायचं. तुमच्या अन्नावर वाढलो. गावाकडून आलो तवा राह्यला खोली आबांनी दिली. तुमच्या इरोधात मी तोंड उघडू? माझी बोटं काय परत येनार हायेत? गप सही करतो, माझं मला—”

“कडुबा.”

आवाज एवढा मोठा निघेल असं कृष्णाला वाटलं नव्हतं. आतलं बोलणं थांबलं. सरिता हातात कपबशा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिली. तिच्या मागून मोनिका बघत होती.

“सही करायची नाय,” कृष्णा म्हणाला. “मी सांगतोय. हा हुकूम हाय.”

सात वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. कडुबानं वही मिटली. पेन्सिल तिच्यात ठेवली. मग तो मालकाकडं बघत राहिला. त्या बघण्यात राग नव्हता, बोलही लावायचा नव्हता. दिवसभर ओझी वाहिलेल्या माणसानं वाटेत कुठं टेकावं आणि समोरच्याकडं बघावं, तसं काहीसं होतं ते.

“एवढंच तवा म्हणला असता, मालक,” तो म्हणाला.

“व्हय,” कृष्णा म्हणाला.